बुर्गलचे सोळा दिवस आणि अकरा मिनिटं

कोलोनमधल्या पहिल्याच दुपारी बुर्गल त्सेंगर चुकली. बिअरगृहातल्या लांब टेबलावर तिचे दोन आणि नवऱ्याचे चार ग्लास रिकामे झाले होते. तिने ते उचलले. तीन एका हातात, तीन दुसऱ्या हातात, काठाला बोट न लावता, बुडाशी धरून. आणि उठून सरळ मागच्या मोरीकडे चालायला लागली. निळा एप्रन बांधलेला जाडजूड वाढपी तिच्या वाटेत उभा राहिला.

"बाई, कुठे निघालात?"

"धुवायला," बुर्गल म्हणाली.

"आज कामाला लागलात का? मला कोणी बोललं नाही." त्याने सहाही ग्लास तिच्या हातातून काढून घेतले. "बसा. धुवायला इथे माणसं आहेत. तुम्ही नुसतं प्यायचं, आणि मी किती वाईट वाढतो ते घरी जाऊन सांगायचं."

सगळं टेबल हसलं. सर्वांत मोठ्याने हसला तिचा नवरा अल्फॉन्स. बुर्गलचे कान लाल झाले. ती परत येऊन बसली, आणि बसल्यावर हातांचं काय करायचं ते न कळल्यामुळे तिने ते मांडीखाली घातले.

तिथली रीत अशी की ग्लास रिकामा झाला की न मागता पुढचा येतो. नको असेल तर पुठ्ठ्याची चकती ग्लासावर झाकून ठेवायची. बुर्गलला बिअरची फारशी आवड नव्हती, पण त्या दुपारी तिने चकती झाकली नाही. भरलेला ग्लास येत होता, रिकामा जात होता, आणणारा दुसरा, नेणारा दुसरा, आणि आपण बसलेलो. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात हे पहिल्यांदा घडत होतं. पाचवा ग्लास आला तेव्हा अल्फॉन्स म्हणाला, तुला चढेल. ती म्हणाली, चढू दे.

बुर्गल ही वाल्डरॉयथची. जर्मनीत, बोहेमियाच्या हद्दीलगतच्या डोंगरातलं हे लहान गाव. गावात एकच भट्टी, सगळ्यांची मिळून. जुन्या अकरा घरांना बिअर गाळायचा हक्क आहे, आणि तो माणसाला नाही, घराला आहे. भट्टीत जवाचा रस शिजवायचा, तो आपापल्या तळघरात नेऊन आंबवायचा, मुरवायचा, आणि आपली पाळी आली की दारावर लाकडी तारा टांगायचा. तारा दिसला की गाव त्या घरात प्यायला येतं. शुक्रवार ते सोमवार. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, ओसरी, सगळीकडे बाकं. मंगळवारी तारा उतरतो आणि घर पुन्हा घर होतं.

बुर्गल तेविसाव्या वर्षी लेन्झांच्या घरात लग्न करून आली. घरात लेन्झ नावाचं कोणी दीडशे वर्षांत उरलं नव्हतं, पण घराचं नाव तेच, म्हणून तिलाही सगळे लेन्झीण म्हणत. सासूने पहिल्या आठवड्यात तिला दगडी मोरी दाखवली. दोन हौद. एकात गरम पाणी, एकात गार. साबण लावायचा नाही, चरबीचं बोट लावायचं नाही, जेवणाच्या ताटल्या त्या पाण्याजवळसुद्धा आणायच्या नाहीत. ग्लासाला तेलाचा अंश राहिला तर बिअरचा फेस बसतो, आणि फेस बसला की लोक बिअरला नाव ठेवतात, धुणारीला नाही. सासूने एवढंच शिकवलं आणि दोन वर्षांनी वारली.

सोमवार ते शुक्रवार बुर्गल चिनी मातीच्या कारखान्यात कपांना कान चिकटवायची. दिवसाला अकराशे कान. ओल्या मातीचा कान, ओल्या मातीचा कप, मध्ये चिखलाचं बोट, अंगठ्याने एकदाच दाबायचं. दोनदा दाबलं तर भट्टीत तडा जातो. पाळीच्या आठवड्यात शुक्रवारी कारखान्यातून येऊन ती मोरीपाशी उभी राहायची. एका दिवसात तीनशेच्या खाली ग्लास नसत. रविवारी पाचशे. अंगठा कारखान्यात गेला, मनगट मोरीत गेलं, असं ती म्हणायची. सुरुवातीची आठ-नऊ वर्षं भट्टीतला रस लाकडी बुधल्यातून पाठीवर तळघरात न्यावा लागे. अल्फॉन्स चाळीस लिटरचा घ्यायचा, ती पंचविसाचा. एका गाळपाला तिच्या वाट्याला तीस खेपा. गरोदर होती त्या वर्षी वीस.

अल्फॉन्स लाकडाच्या गिरणीत करवतीवर होता. आळशी नव्हता. भट्टी पेटवायला पहाटे तीनला उठायचा आणि आगीपाशी सतरा तास उभा राहायचा. पण तारा टांगला की त्याचं काम संपे. मग तो घरमालक. या टेबलापाशी दोन शब्द, त्या टेबलापाशी दोन शब्द, पिंपाच्या नळावर हात, बिअर कशी झाली याची चर्चा. लोक म्हणत, लेन्झांकडे बसल्यासारखं वाटतं. ते बसत तेव्हा बुर्गल उभी असे. अडतीस वर्षांत तिने आपल्याच घरातल्या बाकावर, तारा बाहेर असताना, एकदाही बूड टेकलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात अल्फॉन्सच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दोघंही कामावरून निवृत्त झालेली. मुलगी इर्मगार्ड लांब रेगेन्सबुर्गला, तिला घराचा हक्क नको होता. बुर्गलने त्याच्या पलंगाशेजारी बसून सांगितलं की आता पुरे. अल्फॉन्स म्हणाला, "बघू. आधी जरा फिरून येऊ. तुला कुठे नेलंच नाही मी."

ही गोष्ट खरी होती. इर्मगार्डने आपल्या दोन जुन्या सॅक दिल्या, रेल्वेचा पास काढून दिला, स्वस्त हॉस्टेलं शोधून दिली. शहरं अल्फॉन्सने निवडली, आणि प्रत्येक शहर बिअरसाठी निवडलं. बाम्बेर्ग, कोलोन, ल्यूव्हन, ब्रुसेल्स, गेंट, अँटवर्प. बुर्गलने त्याला हरकत घेतली नाही. तिने फक्त तारखा निवडल्या. सतरा सप्टेंबर ते दोन ऑक्टोबर.

एकोणतीस सप्टेंबरला, मिकाएलच्या सणाला, वाल्डरॉयथच्या भट्टीत ऑक्टोबरपासूनच्या नव्या वर्षाच्या पाळ्या ठरतात. प्रत्येक घराकडे भट्टीच्या दाराची एक किल्ली असते. त्या दिवशी ती टेबलावर ठेवायची. किल्ली ठेवली नाही तर घर पाळीतून बाद, आणि त्याची जागा रांगेत थांबलेल्या दुसऱ्या घराला जाते. तेव्हा बेकरीवाले रांगेत होते. तारखा ऐकून अल्फॉन्सने मान हलवली. काही बोलला नाही. निघायच्या सकाळी बुर्गलने दार ओढताना पाहिलं तर ओसरीवरचा किल्लीचा खिळा रिकामा होता. अडतीस वर्षं तो खिळा तिने रिकामा पाहिला नव्हता, गाळपाचा दिवस सोडला तर. म्हणजे त्याने किल्ली परत केली. न बोलता केली, त्याच्या स्वभावाप्रमाणे. बसमध्ये बसल्यावर तिने त्याचा हात धरला. त्याला आश्चर्य वाटलं, पण त्याने सोडवून घेतला नाही.

तिच्या सॅकचं वजन अकरा किलो होतं, त्याच्या सॅकचं सहा. गुडघ्यामुळे. शिवाय त्याच्या हातात एक निळी जाड पिशवी होती, आत बर्फ ठेवायची असते तसली. गुडघ्यासाठी, तो म्हणाला. प्रत्येक हॉस्टेलात शिरल्यावर तो खोली बघायच्या आधी फ्रीज विचारायचा आणि निळी पिशवी तिथे ठेवून यायचा. पिशवीवर त्याने जाड अक्षरात 'औषध' असं लिहिलं होतं. बुर्गलला बरं वाटलं. एवढी काळजी त्याने स्वतःची कधी घेतली नव्हती.

बाम्बेर्गला धुरावर वाळवलेल्या धान्याची बिअर प्यायले. बुर्गल म्हणाली, हॅम खाल्ल्यासारखं वाटतं. अल्फॉन्सने एका छोट्या वहीत लिहिलं. तो प्रत्येक ठिकाणी लिहायचा. पाणी, फेस किती वेळ टिकला, किती गार, खमीर कसं. बहुतेक ठिकाणी शेवटी 'ठीक' असायचं. कोलोनला 'पातळ' लिहिलं. ल्यूव्हनला 'आळशी' असं लिहिलं, आणि कोण आळशी ते लिहिलं नाही. तो ग्लास उजेडाकडे धरायचा, वास घ्यायचा, एक घोट तोंडात फिरवायचा आणि वाल्डरॉयथकडे बघितल्यासारखा खिडकीबाहेर बघायचा. रोज संध्याकाळी शेजारच्या ओटमारला फोन करायचा. कोंबड्यांसाठी, तो म्हणायचा. पाच कोंबड्यांसाठी रोज दहा मिनिटं.

चालणं पुष्कळ होतं. स्टेशनपासून हॉस्टेल, हॉस्टेलपासून बिअरगृह, मग दुसरं बिअरगृह. बस घेऊ या असं बुर्गल म्हणाली की तो म्हणायचा, सॅक पाठीवर घेऊन फिरायला आलोय, बसमध्ये कसले बसता. बसता हे तिलाच, पण अनेकवचनात, कारखान्यातल्या मुकादमासारखं. तिच्या डाव्या पायाचा घोटा संध्याकाळी पावासारखा फुगायचा. तरी ती खूश होती. कारण कुठेही पोचलं की बसायचं होतं. ब्रुसेल्सला तिने चेरी घालून आंबवलेली आंबट लाल बिअर प्यायली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून दुसरी मागितली.

"हे औषध आहे," अल्फॉन्स म्हणाला. "खोकल्याचं."

"मग मला खोकला झालाय," ती म्हणाली.

तो हसला. तिलाही हसू आलं. त्या टेबलावर ती दोघं दीड तास बसली, आणि बुर्गलने त्याला विचारलं की पुढच्या वर्षी आपण शुक्रवारी ओटमारकडे जाऊन बसू ना, त्याच्या पाळीला. त्याने तोंडात घोट धरला होता. मान हलवली. ती मान घोटासाठी हलली होती की तिच्यासाठी, हा प्रश्न तिला तेव्हा पडला नाही.

गेंटला पोचले अठ्ठावीसला. दुसऱ्या दिवशी अल्फॉन्सला कालव्यापलीकडची एक छोटी भट्टी बघायची होती. बुर्गलचा घोटा इतका सुजला होता की बुटात पाय जाईना. ती म्हणाली, तू जा, मी पडते. तो गेल्यावर तासाभराने ठणका सहन होईना, तेव्हा तिला निळ्या पिशवीतला बर्फ आठवला. अनवाणी, लंगडत ती खालच्या सामायिक स्वयंपाकघरात गेली. पिशवी फ्रीजमध्ये मागे होती. 'औषध'. तिने चेन ओढली.

बर्फाच्या दोन पिशव्यांमध्ये काचेची बरणी होती. लोणच्याची असते तेवढी. तोंडाला झाकण नव्हतं, स्वच्छ फडकं दोऱ्याने बांधलेलं. वर स्वच्छ पाणी, खाली चार बोटं पिवळसर राखाडी गाळ. वास घ्यायची गरज नव्हती. तिने घेतला. आपल्या तळघराचा वास. लेन्झांचं खमीर.

खमीर गावात फिरतं. दह्याच्या विरजणासारखं. कोणाचं बिघडलं तर शेजारी मागायला जायचं, आणि नाही म्हणायचं नाही अशी रीतच आहे. पण अल्फॉन्सने अकरा वर्षांत कोणाकडे मागितलं नव्हतं. आपल्या गाळपातलं आपल्याच गाळपात. त्यावर रोज गार पाणी बदलायचं, झाकण घट्ट लावायचं नाही, नाहीतर बरणी फुटते. हे तो कोणाच्या हाती सोपवत नसे. सोळा दिवस सोपवायला त्याच्या दृष्टीने वाल्डरॉयथमध्ये एकही माणूस नव्हता.

बुर्गल स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. मग तिला एकेक आठवलं. इतके दिवस बर्फ फ्रीजमध्ये जात होता, बाहेर येत होता, पण गुडघ्यावर ठेवलेला तिने एकदाही पाहिला नव्हता. हॉस्टेलाहॉस्टेलात त्याच्यामागे बेसिनमध्ये राहिलेलं भुरकट पाणी आणि त्याचा आंबूस वास. रोजचा फोन. आणि आज तारीख एकोणतीस.

अल्फॉन्स आला तेव्हा बरणी टेबलावर होती.

"उघड्यावर ठेवू नकोस," तो म्हणाला. "गरम होईल."

"हे काय आहे?"

"तुला माहीत आहे काय आहे."

"गुडघ्याचा बर्फ म्हणाला होतास."

"बर्फ आहेच की आत."

बुर्गलने सुजलेला पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवला होता. त्याने पायाकडे बघितलं, मग बरणी उचलून पुन्हा पिशवीत ठेवली, चेन लावली. फ्रीजचं दार लावेपर्यंत ती थांबली.

"किल्ली कुठे आहे, अल्फॉन्स?"

"ओटमारकडे." त्याने घड्याळ बघितलं. "टेबलावर पडली असेल एव्हाना."

"परत नाही केलीस."

"परत?" त्याचा चेहरा खरोखरच गोंधळला. "परत कशाला करीन? गुडघा गेलाय, मी नाही गेलो अजून."

"खिळा रिकामा होता."

"खिळा बघून तू ठरवलंस? अगं, विचारायचं तरी."

"तू सांगायचं तरी."

 दोघांचंही बरोबर होतं. तिने ठरवलं ते तारखांतून सांगितलं होतं, त्याने ठरवलं ते बरणीतून. तोंडाने बोलायची या घराला सवयच नव्हती.

"मला बसायचंय," बुर्गल म्हणाली. "आपल्या घरात. शुक्रवारी संध्याकाळी, तारा बाहेर असताना. माणसासारखं बसायचंय."

"मग बस ना," अल्फॉन्स म्हणाला. "कोण उठवतंय तुला?"

हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं असतं तर तिला उत्तर सापडलं असतं. पण त्याने ते मनापासून म्हटलं. आणि आठवून बघितलं तर ते खरं होतं. अडतीस वर्षांत ऊठ असं तिला कोणीही म्हटलं नव्हतं. सासूनेसुद्धा नाही. ग्लास यायचे, आणि ती उठायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्फॉन्स दाढी करायला गेला तेव्हा ती खाली गेली. दोरा सोडला. बरणी बेसिनमध्ये उपडी केली. गाळ घट्ट होता, सहज पडला नाही. तिने बोटांनी खरवडला. मग गरम पाण्याने तीनदा, गार पाण्याने दोनदा धुतली. साबण लावला नाही. फडकंही धुतलं, पिळलं, घडी केलं. बरणी वर नेऊन त्याच्या उशीशेजारच्या स्टुलावर पालथी ठेवली, खाली फडकं. सगळ्याला पंधरा मिनिटं लागली.

अल्फॉन्स तोंड पुसत आला. स्टुलाकडे बघत उभा राहिला. ती ओरडण्याची वाट बघत होती. कधी नव्हे ते तिला त्याचं ओरडणं हवं होतं. त्याने बरणी उचलली, खिडकीच्या उजेडाकडे धरली, फिरवली, काठावरून अंगठा फिरवला.

"चांगली धुतलीस," तो म्हणाला.

आणि बरणी सॅकमध्ये टाकली. निळी पिशवी त्याने हॉस्टेलच्या कचऱ्यात टाकली. अँटवर्पला दोन दिवस ती दोघं बिअर प्यायली, त्याने वहीत पाणी, फेस, गारवा लिहिलं, खमिराचा रकाना रिकामा ठेवला. परतीच्या प्रवासात तिची सॅक त्याने घेतली. हे त्याने का केलं ते ती आजही सांगू शकत नाही. गुडघा दुखत होता, ते त्याच्या चालीवरून दिसत होतं. तिने सॅक परत मागितली नाही.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तो झाकणाचं भांडं घेऊन ओटमारकडे गेला. बुर्गल खिडकीतून बघत होती. तिला वाटलं, हा माणूस अकरा वर्षांनी दुसऱ्याच्या दारात उभा राहणार, मागणार, त्याची मान खाली जाणार. ओटमारने नाव विचारावं तसं सहज विचारलं, किती हवं. अल्फॉन्सने सांगितलं, दोन लिटर. ओटमारने दिलं. वर विचारलं, तुझं काय झालं. अल्फॉन्स म्हणाला, प्रवासात गेलं. दोन मिनिटांत तो परत आला. किल्ली खिळ्यावर टांगली. त्याच आठवड्यात भट्टी पेटली.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी लेन्झांच्या दारावर तारा चढला. पाच वाजता घर भरलं. म्हातारा हिआस, जो पन्नास वर्षं अकराही घरांत पीत आला होता आणि ज्याच्या जिभेला गाव मानत असे, चुलीजवळच्या त्याच्या जागेवर बसला. त्याने पहिला घोट घेतला, मिशी पुसली, दुसरा घेतला. अल्फॉन्स नळापाशी थांबला होता. बुर्गल मोरीच्या दारात.

"डोळे बांधून दिली तरी सांगीन," हिआस म्हणाला. "लेन्झांचं खमीर. दुसऱ्या कोणाचं असं होत नाही. ओटमारच्या बिअरला ही चवच नाही."

ओटमार तिथेच बसला होता. त्याने ग्लासात बघितलं, मग अल्फॉन्सकडे, आणि पुढचा घोट घेतला.

"युरोप फिरून आलंय ते," अल्फॉन्स म्हणाला. "सहा शहरं. म्हणून."

सगळे हसले. हिआस म्हणाला, मग आपल्या बायकांनाही पाठवा. पुन्हा हसले. अल्फॉन्सने बुर्गलकडे बघितलं नाही.

बुर्गलला वाटलं होतं तिने काहीतरी संपवलं. चार बोटं गाळ तिने खरवडून काढला होता, तो या घराचा प्राण आहे असं समजून. तो प्राण नव्हता. तो शेजारी मिळत होता, भांडंभर. आणि चव आली होती ती सतरा तासांच्या आगीतून, याच तळघरातून, आणि तिच्या हौदातून.

तिने हात पुसले. एप्रन तसाच ठेवून ती खिडकीजवळच्या बाकाकडे गेली, दोघांच्या मध्ये जागा होती तिथे, आणि बसली. समोर भिंतीवर घड्याळ होतं. साडेपाचला तीन मिनिटं कमी.

"अल्फॉन्स," ती म्हणाली, "मलाही एक दे."

त्याने दिली. स्वतः आणून समोर ठेवली, खाली चकती ठेवून. घरातलं कोणी थांबलं नाही, कोणी वळून बघितलं नाही. शेजारच्या माणसाने सरकून जागा दिली आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. बिअर चांगली होती. बुर्गलने ती घोट घोट घेतली. पाठ भिंतीला टेकवली. भिंतीतून चुलीची ऊब येत होती. इतकी वर्षं ही ऊब दुसऱ्यांच्या पाठींना मिळाली होती.

टेबलांवर रिकामे ग्लास साठू लागले. नळाजवळ आठ, बारा, वीस. अल्फॉन्सने स्वच्छ ग्लास शोधला. मिळाला नाही. त्याने तिच्याकडे बघितलं नाही, हाकही मारली नाही. तो नुसता उभा राहिला, रिकामा ग्लास हातात घेऊन, माणूस बसची वाट बघतो तसा. एवढे पुरुष बसले होते, एकाच्याही मनात मोरी आली नाही. उठली ती ओटमारची बायको रेझी. तिने पर्स ओटमारच्या मांडीवर ठेवली, बाह्या वर केल्या, आणि कोणी न सांगता आत गेली. पाण्याचा आवाज सुरू झाला. बुर्गलने घोट घेतला. रेझी तिच्याहून चार वर्षांनी मोठी होती, आणि तिच्याही घराला तारा होता, तिच्याही घरात मोरी होती.

ग्लास येऊ लागले. हिआसच्या हातात नवा ग्लास गेला. त्याने तो उजेडाकडे धरला.

"फेस बसला," तो म्हणाला. कोणाला उद्देशून नाही.

बुर्गलनेही पाहिलं. फेस काठापासून सुटत होता, मोठे बुडबुडे धरून खाली जात होता. साबण. रेझीला घाई झाली की ती साबण घेते, गावात सगळ्यांना माहीत होतं. शेजारच्या ग्लासातही तेच. त्याच्या पलीकडच्यातही. सतरा तासांची आग, सहा आठवड्यांचं तळघर, आणि काचेवर बोटभर साबण.

तिला कोणी उठवलं नाही. अल्फॉन्स पाठमोरा होता. बुर्गलने आपला ग्लास संपवला नाही, त्यावर चकती झाकली आणि उठली. आत जाऊन तिने दोन्ही हौदांची बुचं काढली. साबणाचं पाणी जाऊ दिलं. दगड मिठाने घासला.

"बस ना गं," रेझी म्हणाली. "करते मी. आज बसलीस तर बस."

"तू बस," बुर्गल म्हणाली. "साबण लावलास तू."

रेझीने हात पुसले, थोडी रागावून, आणि बाहेर गेली. खिडकीजवळच्या बाकावर एकच जागा मोकळी होती, अजून ऊबदार. ती तिथे बसली. बुर्गल हौद भरत होती, एकात गरम, एकात गार. मोरीच्या दारातून समोरचं घड्याळ दिसत होतं. साडेपाच वाजून आठ मिनिटं झाली होती.